मराठी विकिपीडियावर लिहिताना: मजकूर, छायाचित्रं आणि प्रताधिकार

मराठी विकिपीडियावर बदल जतन करण्याच्या बटणाजवळ बारीक अक्षरांत काही ओळी असतात. बहुतेक जण त्या न वाचताच बटण दाबतात. त्या ओळी सांगतात, की हा मजकूर तुम्ही ‘क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन-शेअरअलाइक ४.०’ या परवान्याखाली सगळ्यांना खुला करत आहात आणि हा निर्णय नंतर मागे घेता येणार नाही. उद्या कोणीही तो मजकूर घेऊन पुस्तक छापू शकतो, ते विकू शकतो, मजकुरात फेरफार करू शकतो. त्याने श्रेय द्यायचं आणि फेरफार केलेला मजकूरही त्याच परवान्याखाली ठेवायचा, एवढ्याच त्याच्यावर अटी.

प्रताधिकाराचे, म्हणजे कॉपीराइटचे, विकिपीडियावरचे जवळपास सगळे नियम इथूनच निघतात. वर्तमानपत्रातला लेख किंवा एखाद्या ग्रंथातलं प्रकरण तुमचं नसेल, तर ते जगाला देऊन टाकण्याचा अधिकारही तुमचा नाही. म्हणून ‘मी यातून पैसे कमावत नाही’, ‘खाली लेखकाचं नाव दिलंय’ आणि ‘शैक्षणिक कामासाठी आहे’ ही नेहमीची तीन उत्तरं इथे चालत नाहीत. संदर्भ दिल्याने माहिती पडताळता येते, पण त्यामुळे नक्कल करायची परवानगी मिळत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे नव्या संपादकांची बरीच मेहनत वाया जाते, म्हणून हे सुरुवातीलाच पक्कं करून घ्या.

हक्क कधी संपतो

भारतात प्रताधिकार कायदा १९५७चा आहे. पुस्तक, कविता, नाटक, लेख यांवरचा हक्क लेखकाच्या हयातीत असतो आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात, मृत्यूच्या तारखेपासून नाही. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन भारतात १ जानेवारी २०११ला मुक्त झालं. आचार्य अत्रे आणि अण्णाभाऊ साठे दोघेही १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क ३१ डिसेंबर २०२९पर्यंत आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले. त्यांचं लेखन २०६१ उजाडल्याशिवाय मुक्त होणार नाही. पुस्तक बाजारात मिळत नाही किंवा प्रकाशनसंस्था बंद पडली, याने या गणितात काहीही बदलत नाही.

दोघांनी मिळून लिहिलेलं पुस्तक असेल, तर जो शेवटी वारला त्याच्या मृत्यूपासून मोजायचं. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच छापलेल्या लेखनाची आणि निनावी लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात. चित्रपट, ध्वनिमुद्रणं आणि सरकारी प्रकाशनं यांनाही प्रकाशनापासून ६० वर्षं. सरकारी प्रकाशनांबद्दलचा गैरसमज फार पसरलेला आहे. शासनाच्या संकेतस्थळावरचं किंवा शासकीय मंडळाने छापलेलं सगळं जनतेचं, असं धरून लोक पानंच्या पानं चिकटवतात. मराठी विश्वकोश वाचायला सर्वांना खुला आहे, पण त्यातली नोंद शब्दशः उचलणं ही नक्कलच. याउलट गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला, म्हणून त्यातला मजकूर श्रेय देऊन वापरता येतो. तेव्हा सरकारी आहे की खाजगी, फुकट आहे की विकत, हे न पाहता परवाना कोणता लिहिलेला आहे तेवढंच पाहावं. परवाना लिहिलेलाच नसेल, तर सर्व हक्क राखीव आहेत असं धरावं.

कायद्याने काही गोष्टी आधीच मोकळ्या ठेवल्या आहेत. राजपत्रातला मजकूर (अधिनियम सोडून) आणि न्यायालयांचे निकाल जसेच्या तसे देता येतात. मात्र निकालपत्रिका छापणाऱ्या प्रकाशकाने निकालाच्या डोक्यावर लिहिलेला सारांश हा त्या प्रकाशकाचा असतो. निकाल घ्यायचा, सारांश सोडायचा.

आणखी एक गाठ अमेरिकेच्या कायद्याची आहे, कारण विकिपीडिया चालवणारी विकिमीडिया ही संस्था आणि तिचे मुख्य सर्व्हर तिथे आहेत. १ जानेवारी १९९६ला भारतात ज्या कृतीवर हक्क शिल्लक होता, तिला अमेरिकेत साधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण मिळतं. म्हणजे १९५० साली वारलेल्या लेखकाचं १९३५ सालचं पुस्तक भारतात २०११पासून मुक्त असलं, तरी अमेरिकेत ते २०३० संपेपर्यंत बांधलेलं आहे. छायाचित्रं आणि स्कॅन ज्या विकिमीडिया कॉमन्सवर चढवतात, तिथे मूळ देश आणि अमेरिका अशा दोन्हीकडची मोकळीक मागितली जाते. लेखक १९४१च्या आधी वारलेला असेल, तर त्याच्या हयातीतल्या प्रकाशनांपुरती ही अडचण सहसा येत नाही. राम गणेश गडकरी किंवा हरिभाऊ आपटे यांची पुस्तकं म्हणूनच निर्धास्तपणे चढवता येतात. मुक्त झालेल्या पुस्तकाचा अख्खा मजकूर मात्र विकिपीडियावर घालायचा नसतो. त्याची जागा विकिस्रोतावर, म्हणजे विकिमीडियाच्याच मुक्त ग्रंथालयात, आहे.

वाक्य सोडा, माहिती घ्या

माहितीवर कोणाचाच हक्क नसतो. हक्क असतो तो ती माहिती कोणत्या शब्दांत, कोणत्या क्रमाने, कोणत्या मांडणीत सांगितली आहे त्यावर. जन्मतारीख, धरणाची उंची, जनगणनेतला आकडा, निवडणुकीचा निकाल हे सगळं खुशाल घ्या.

फसगत होते ती शब्दांची अदलाबदल करण्यात. समजा, एका पर्यटन पुस्तकात असं वाक्य आहे: ‘बुलढाणा जिल्ह्याच्या कुशीत काळ्याकभिन्न बेसाल्टमध्ये निसर्गाने कोरलेलं हे विलक्षण विवर पाहताना प्रवासी थक्क होतो, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातलं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे.’ आता नव्या संपादकाचं रूपांतर पाहा: ‘बुलढाणा जिल्ह्यात काळ्या बेसाल्ट खडकात निसर्गाने तयार केलेले हे अद्भुत विवर पाहून पर्यटक आश्चर्यचकित होतात, अंदाजे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातील पाणी खारे व अल्कधर्मी आहे.’ दहा-बारा शब्द बदलले, पण वाक्याचा सांगाडा आणि तपशिलांचा क्रम तसाच राहिला. स्वल्पविरामसुद्धा जागचा हलला नाही. ही नक्कलच आहे, आणि तपासणाऱ्याला ती लगेच दिसते.

विश्वकोशाला हवं ते असं: ‘लोणार सरोवर हे बुलढाणा जिल्ह्यातील विवर सरोवर आहे. बेसाल्ट खडकावर झालेल्या उल्कापातामुळे ते तयार झाले. विवराचा व्यास सुमारे १.८ किमी असून सरोवराचे पाणी खारे व अल्कधर्मी आहे. २०२० मध्ये त्याचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला.’ यात थक्क होणारा प्रवासी गेला, कारण तो लेखकाचा होता आणि विश्वकोशाच्या कामाचाही नव्हता. निर्मितीचं कारण आणि २०२०ची नोंद दुसऱ्या स्रोतांतून आली. त्या वाक्यांना त्यांचे वेगळे संदर्भ जोडायचे.

अशी वाक्यं हाताखालून उतरावीत यासाठी एक पद्धत उपयोगी पडते. किमान दोन, शक्य असेल तर तीन स्वतंत्र स्रोत वाचा. कागदावर फक्त तुटक टिपणं काढा: नाव, साल, आकडा, ठिकाण आणि शेजारी पान क्रमांक. पूर्ण वाक्य टिपू नका. मग पुस्तक मिटून किंवा टॅब बंद करून टिपणांवरून लिहा. लिहून झाल्यावर स्रोत पुन्हा उघडा आणि आकडे व नावं ताडून पाहा. स्रोत समोर उघडा ठेवून लिहिलं, की त्याची वाक्यं नकळत आपल्या लेखात उतरतात. एकाच स्रोतावरून लिहिलं, तर त्याची मांडणीही सोबत येते, म्हणून दुसरा स्रोत हवाच.

जतन करण्याआधी आपल्या लेखातली दोन-तीन लांब वाक्यं अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. जशीच्या तशी सापडली, तर पुन्हा लिहा. छापील पुस्तक इंटरनेटवर नसतं म्हणून कोणाला कळणार नाही, असं समजू नये. नकललेला मजकूर स्वतःच बोलतो: ‘मागील प्रकरणात पाहिल्याप्रमाणे’, ‘वरील आकृतीत दाखवल्यानुसार’, मध्येच राहिलेले तळटीपांचे आकडे, स्कॅनमधून आलेली मोडकी जोडाक्षरं. पानाच्या इतिहासात बदलाचा आकार बाइटमध्ये दिसतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांटीही वेगळी धरली जाते. एका बैठकीत तीस हजार बाइट जमा झाले, म्हणजे साधारण दहा हजार चिन्हांचा सफाईदार मजकूर एकदम आला, तर गस्त घालणारा संपादक तो बदल आधी उघडतो.

धूळपाटी, म्हणजे विकिपीडियावरचं सरावाचं पान, हिच्याबद्दलही सावध राहा. ‘आधी सगळं धूळपाटीवर चिकटवतो, मग सावकाश बदलतो’ हा बेत चालत नाही. धूळपाटी सार्वजनिक असते आणि तिचा प्रत्येक जुना आवृत्तीबदल इतिहासात राहतो. कच्चं काम स्वतःच्या संगणकावर करा.

भाषांतराचं

इंग्रजी किंवा इतर भाषांतल्या विकिपीडियातून भाषांतर करायला पूर्ण मुभा आहे, पण ते लेखही कोणीतरी लिहिलेले असतात आणि परवाना श्रेय मागतो. भाषांतराचं अंगभूत साधन वापरलं, तर संपादन सारांशात, म्हणजे बदल जतन करताना लिहायच्या छोट्या नोंदीत, मूळ लेखाचा दुवा आपोआप पडतो. हाताने केलं, तर सारांशात स्वतः लिहा: ‘इंग्रजी विकिपीडियावरील अमुक लेखाचे भाषांतर, श्रेयासाठी त्या लेखाचा इतिहास पाहावा’, आणि दुवा द्या. सारांश लिहायचा राहून गेला, तर पानावर एखादा छोटासा बदल करून त्याच्या सारांशात ही नोंद करा.

इतर पुस्तकांचं किंवा संकेतस्थळांचं भाषांतर ही मात्र वेगळी गोष्ट. भाषांतर करण्याचा हक्क मूळ हक्कधारकाकडेच असतो. इंग्रजी बातमी स्वतः बसून मराठीत आणली म्हणून ती तुमची होत नाही. यंत्राने केलेल्या कच्च्या भाषांतराने प्रश्न दुप्पट होतो, हक्क दुसऱ्याचा तो दुसऱ्याचा राहतो आणि मराठीही वाचवत नाही. लेख लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत एवढंच पाहा: त्यांनी दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडा. नसलेल्या पुस्तकांची नावं आणि नसलेली पानं ही साधनं मोठ्या आत्मविश्वासाने देतात.

अवतरणं, कविता, अभंग

एखाद्याचं मत त्याच्याच शब्दांत देणं गरजेचं असेल, तर एक-दोन वाक्यं अवतरणचिन्हांत, नाव आणि पानासकट द्या. हक्क शिल्लक असलेली कविता पूर्ण देऊ नका. ज्या ओळींवर चर्चा आहे तेवढ्याच द्या. गाण्याचे बोल अख्खे देऊ नयेत. चित्रपटाचं कथानक चित्रपट पाहून स्वतः लिहा, जाहिरात-पत्रकातलं उचलू नका.

ज्ञानेश्वरी, तुकोबांचे अभंग, समर्थांची करुणाष्टकं यांच्या मूळ संहितेवर आज कोणाचाच हक्क नाही. पण बाजारात मिळणाऱ्या प्रतीत मूळ ओवीसोबत अलीकडच्या अभ्यासकाचा अर्थ, शब्दार्थ, टिपा आणि प्रस्तावना असतात, आणि त्या त्याच्या मालकीच्या. ओवी घ्या, अर्थ स्वतः लिहा. अभंगाचं ध्वनिमुद्रण हीसुद्धा वेगळीच कृती आहे. शब्द सतराव्या शतकातले असले तरी गायन, संगीत आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क आजचे असू शकतात.

छायाचित्रं

सगळ्यात जास्त वगळणी इथेच होते. गूगलवर सापडलेलं, व्हॉट्सॲपवर आलेलं, फेसबुकवरून उतरवलेलं चित्र चढवू नका. परवाना असला, तरी तो पुरेसा मोकळा आहे का ते पाहा. कॉमन्सवर क्रिएटिव्ह कॉमन्सचे सीसी बाय (फक्त श्रेय द्या), सीसी बाय-एसए (श्रेय द्या आणि तोच परवाना ठेवा), सीसी झीरो (कोणतीच अट नाही) यांसारखे मोकळे परवाने आणि प्रताधिकारमुक्त चित्रं चालतात. ‘व्यावसायिक वापरास मनाई’ किंवा ‘बदल करण्यास मनाई’ ही अट असलेलं चालत नाही. हक्क शिल्लक असेल, तर पुस्तकाचं मुखपृष्ठ, नाटकाचं पोस्टर, चित्रपटातलं दृश्य यांनाही कॉमन्सवर जागा नाही.

स्वतः काढलेला फोटो उत्तमच. चढवताना मूळ फाइल द्या, व्हॉट्सॲपमधून फिरून आलेली नको. मूळ फाइलीत कॅमेरा, तारीख, वेळ यांची नोंद दडलेली असते आणि तोच तुमचा पुरावा ठरतो. सहाशे पिक्सेलची, नोंदी पुसल्या गेलेली फाइल ‘माझं काम’ म्हणून चढवली, की संशय आलाच. फाइलीचं नाव ‘आयएमजी ४५३२’ ठेवण्यापेक्षा ‘पुरंदर किल्ला, बिनी दरवाजा’ असं ठेवा. वर्णन, तारीख आणि वर्ग भरा.

फोटोत जो आहे तो हक्कधारक नसतो. हक्क सहसा काढणाऱ्याचा असतो. आपला फोटो मित्राने काढला असेल, तर परवानगी मित्राची लागते. स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा मात्र, वेगळा करार नसेल तर, पहिला मालक आपल्या कायद्यानुसार काढून घेणारा असतो. घरातल्या जुन्या अल्बममधला फोटो आपल्याकडे आहे, म्हणजे कागद आपला आहे. तो कोणी, कधी काढला आणि कुठे छापला, हे शोधून वर्णनात लिहावं लागतं. ‘स्रोत: कौटुंबिक संग्रह’ एवढ्यावर भागत नाही.

इमारती आणि सार्वजनिक जागी कायमचे बसवलेले पुतळे यांचे फोटो काढून प्रसिद्ध करायची सवलत भारतीय कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. चौकातला पुतळा त्यात बसतो. भिंतीवर रंगवलेलं चित्र, माहितीफलकावरचं रेखाचित्र, फ्लेक्स बसत नाहीत. गणेशोत्सवातल्या देखाव्याचा प्रश्न तर महाराष्ट्रात दरवर्षी येतो. दहा दिवसांचा देखावा कायमस्वरूपी नाही, त्यामुळे कलाकाराने नव्याने घडवलेल्या शिल्पाच्या जवळून घेतलेल्या फोटोला ही सवलत मिळत नाही. मिरवणूक, गर्दी, ढोलपथक, रस्ता यांचा फोटो निवडला, तर हा गुंता टळतो आणि लेखालाही त्याचा जास्त उपयोग होतो.

परवानगी मिळवायची असेल तर

छायाचित्रकार किंवा लेखक द्यायला तयार असेल, तर त्याच्याकडून ‘विकिपीडियावर वापरायला माझी हरकत नाही’ असं घेऊ नका. ती परवानगी फक्त विकिपीडियापुरती होते आणि नाकारली जाते. ईमेलमध्ये पाच गोष्टी स्पष्ट हव्यात: या कृतीचा हक्क माझ्याकडे आहे, कृती नेमकी कोणती (फाइलीचं नाव किंवा दुवा), परवाना कोणता, उदाहरणार्थ सीसी बाय-एसए ४.०, व्यावसायिक वापर आणि बदल यांना माझी संमती आहे, नाव आणि तारीख. हा ईमेल हक्कधारकाने स्वतः, शक्यतो आपल्या संस्थेच्या अधिकृत पत्त्यावरून, कॉमन्सच्या परवानगी विभागाला पाठवायचा. पुढे धाडलेले स्क्रीनशॉट चालत नाहीत. फाइल आधी चढवली असेल, तर तिच्या पानावर परवानगी प्रलंबित असल्याचा साचा, म्हणजे तयार सूचनापट्टी, लावा. स्वतःच्याच ब्लॉगवरचा लेख विकिपीडियावर आणायचा असेल, तर सोपा मार्ग म्हणजे ब्लॉगच्या त्या पानावरच परवाना ठळकपणे लिहून टाकणं.

हक्क मोकळा आहे, तरी लेख टिकत नाही

प्रताधिकाराची अडचण नसलेला मजकूरही आशयाच्या नियमांत अडकतो. ट्रस्टने स्वतःच्या कार्याची माहितीपुस्तिका परवाना देऊन चिकटवली, तरी ती जाहिरातच राहते. विषयावर त्याच्याशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह स्रोतांनी सविस्तर लिहिलेलं असावं लागतं. सत्काराच्या चार ओळींच्या बातम्या आणि स्वतःचं संकेतस्थळ यांवर उल्लेखनीयता, म्हणजे स्वतंत्र लेख होण्याची पात्रता, सिद्ध होत नाही. संदर्भ देताना लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष आणि पान हे सगळं भरा. पान क्रमांक नसलेला चारशे पानांच्या पुस्तकाचा संदर्भ कोणालाच तपासता येत नाही. अनेक ब्लॉग विकिपीडियावरूनच उचललेले असतात. त्यांचा संदर्भ दिला, तर विकिपीडिया स्वतःलाच साक्षीला बोलावतो.

मराठीत हमखास दुरुस्त करावी लागणारी गोष्ट म्हणजे विशेषणं. ‘श्री.’, ‘माननीय’, ‘परमपूज्य’, ‘थोर’ काढा. ‘विख्यात’च्या जागी पुरस्काराचं नाव आणि साल घाला. आदरार्थी क्रियापद चालतं. किल्ला, देवस्थान, घराणं यांच्या लेखांत आख्यायिका आणि इतिहास वेगळे ठेवा: ‘अशी आख्यायिका आहे’ म्हणा आणि ती कुठे नोंदवली आहे ते सांगा. हयात व्यक्तीबद्दलचा आरोप भक्कम स्रोताशिवाय एक दिवसही पानावर ठेवू नये, दिसला तर लगेच काढावा. लिहिण्याचे पैसे मिळत असतील, तर विकिमीडियाच्या वापर-अटींनुसार मालक, ग्राहक आणि संबंध हे सदस्य पानावर, चर्चा पानावर किंवा संपादन सारांशात जाहीर करणं बंधनकारक आहे. नातेवाइकाबद्दल किंवा स्वतःच्या संस्थेबद्दल लिहायचं असेल, तर थेट बदल न करता चर्चा पानावर संदर्भासह सूचना मांडा.

पानावर नक्कलीचा साचा लागला तर

साचा स्वतः काढून टाकू नका. पानाच्या चर्चा पानावर जा, कोणता परिच्छेद कोणत्या स्रोताशी जुळतो ते विचारा आणि तो परिच्छेद पूर्ण काढून टिपणांवरून नव्याने लिहा. आहे त्यातच डागडुजी केली, तर जुना सांगाडा उरतो. मजकूर वरून गेला, तरी इतिहासात वाचता येतो, म्हणून प्रचालकाला, म्हणजे तसे जादा अधिकार असलेल्या सदस्याला, त्या आवृत्त्या लपवायची विनंती करा. साचा चुकून लागला असेल, उदाहरणार्थ समोरच्या संकेतस्थळानेच विकिपीडियावरून उचललं असेल, तर इतिहासातून तुमच्या बदलाची तारीख आणि त्या पानाची इंटरनेट अर्काइव्ह या वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावरची पहिली नोंद दोन्ही चर्चा पानावर ठेवा. तुमची तारीख आधीची निघाली, की साचा उतरतो. नक्कल वारंवार होत राहिली, तर सदस्याला प्रतिबंध केला जातो आणि त्याचं जुनं योगदानही एकेक करून तपासलं जातं.